उलट्या गिटारची लिबाबाई

माझा भाचा गिटार शिकतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी पाठीला ती काळी पिशवी अडकवून लोकलच्या गर्दीतून क्लासला जातो आणि घरी आला की ताटं मांडली जाईपर्यंत बाल्कनीत बसून घोटत राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या हाताखाली एक नवी धून आली. अगदी साधी. खाली खर्जात एक ठोका चालतोय, धूम-चक, धूम-चक, आणि त्याच्यावरून एक सूर रमतगमत निघालाय, गाडीच्या दारात पाय सोडून बसलेल्या पोरासारखा. तीनदा कानावर पडली की चौथ्या वेळी भाजी निवडताना आपणच गुणगुणायला लागतो अशी. ‘कुठलं रे हे?’ म्हणून विचारलं तर त्याने क्लासात मिळालेला झेरॉक्सचा कागद पुढे केला. वर नाव होतं ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे मालगाडी. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे रचनाकाराचं नाव छापतात तिथे, एकच शब्द होता. ट्रॅडिशनल.

हा शब्द आपल्यालाही नवा नाही. कॅसेटचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना वेष्टनाच्या आतल्या घडीवरची ती बारीक अक्षरं आठवतील. संगीत अमुक, संगीत संयोजन तमुक, आणि गीत ‘पारंपरिक’. या शब्दात मान आहे, हे खरंच. पिढ्यान्‌पिढ्या कुणी कुणी गात आलं, त्या सगळ्यांचं हे आहे, असा त्याचा चांगला अर्थ. पण त्यात सोयही मोठी आहे. पारंपरिक म्हटलं की पत्ता शोधायला नको, परवानगी नको, मानधन नको.

‘फ्रेट ट्रेन’ला मात्र आई आहे. तिला नाव आहे, गाव आहे, तिची छायाचित्रं आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत. ती १९८७ मध्ये वारली. आणि ते गाणं तिने रचलं तेव्हा तिचं वय माझ्या भाच्याएवढंही नव्हतं, अकरा-बारा वर्षांचं होतं.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपल हिल नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. त्याला लागूनच, आज कॅरबरो म्हणतात त्या वस्तीत, ५ जानेवारी १८९३ रोजी नेव्हिल्स नावाच्या काळ्या कुटुंबात एक मुलगी जन्मली. वडील खाणीत सुरुंग लावायचं काम करत, आई सुईण. पाच भावंडांत ही शेंडेफळ, त्यामुळे हिला धड नावच ठेवलं गेलं नाही. कुणी ‘बेब’ म्हणे, कुणी ‘सिस’. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं तेव्हा पोरीने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, एलिझाबेथ. का, तर ते नाव तिला आवडायचं. स्वतःचं बारसं स्वतः केलेली ही बाई पुढे तशीच जगली असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षं तिच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी दुसऱ्यांनीच ठरवल्या.

घराजवळून रेल्वेचा रूळ जाई. रात्री अंथरुणात पडल्यावर मालगाडीची शिट्टी, चाकांचा ठेका ऐकू येई. भावाकडे बॅन्जो होता, गिटार होती. तो कामावर गेला की ही वाद्यं चोरून हातात घ्यायची. ही पोरगी डावखुरी, आणि वाद्य उजव्या हाताने वाजवणाऱ्याचं. दुसऱ्याच्या वाद्याच्या तारा काढून उलट्या कोण चढवणार? तिने वाद्यच उलटं धरलं.

इथे थोडं थांबून हे उलटं म्हणजे नेमकं काय ते सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे. गिटारच्या सहा तारांपैकी जाड, खर्जाच्या तारा वर असतात, वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडे. बारीक, तार सप्तकाकडे झुकणाऱ्या तारा खाली, मांडीकडे. अंगठा वरून खर्जाचा ठेका धरतो आणि खालच्या बारीक तारांवर बोटं चाल वाजवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची सपाटी आणि अपालाचियन डोंगर यांच्या मधल्या पट्ट्याला पीडमाँट म्हणतात. त्या पट्ट्यातल्या ब्लूजची ही खासियत. मिसिसिपीच्या डेल्टातला ब्लूज जड, ओढून धरलेला, काचेच्या बाटलीचा गळा तारेवर घासून रडवणारा. पीडमाँटचा ब्लूज मात्र चालता-बोलता, नाचरा. रॅगटाइम पियानोत डावा हात जो धूम-चक ठेका धरतो तो इथे अंगठ्याने उचलला. चॅपल हिलपासून जवळच डरहॅम हे तंबाखूचं शहर. तिथे तंबाखूच्या वखारींच्या दारात १९३० च्या दशकात ब्लाइंड बॉय फुलर याच ठेक्यावर वाजवून पोट भरत असे.

आता हीच गिटार उलटी धरा. बारीक तारा वर आल्या, जाड तारा खाली गेल्या. म्हणजे अंगठ्याच्या वाट्याला चाल आली आणि खर्जाचा ठेका बोटांना धरावा लागला. दुसऱ्या हाताला तर प्रत्येक स्वरसंघात डोक्यावर उभा राहिल्यासारखा नव्याने शोधावा लागला. शिकवणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी हे शिकवता आलं नसतं. पण याचा एक परिणाम झाला. चाल अंगठ्याच्या जाड कातडीने छेडली जात असल्याने तिला एक गोल, भरीव वजन आलं, आणि ठेका बोटांवर गेल्याने हलका झाला. तिची ध्वनिमुद्रिका ऐकून लगेच दुसऱ्या एखाद्या निष्णात वादकाची ‘फ्रेट ट्रेन’ ऐकावी. स्वर तेच, गती तीच, तरी दुसऱ्याची गाडी जरा रिकामी धावतेय असं वाटतं. या पद्धतीला पुढे तिच्या आडनावावरून ‘कॉटन पिकिंग’ असं नाव पडलं. कापूस वेचणं असाही त्याचा अर्थ निघतो.

नवव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगी धुण्याभांड्याला लागली. गोऱ्यांच्या घरी केरवारे, स्वयंपाकघर, पोरं सांभाळणं. पगार महिन्याला पाऊण डॉलर. आईने ते पैसे साठवले आणि त्यातून ‘स्टेला’ गिटार घेतली, किंमत पावणेचार डॉलर. म्हणजे पाच महिन्यांचा पूर्ण पगार. त्या गिटारीवर ती पहाटेपर्यंत वाजवत बसायची. याच सुमाराला ‘फ्रेट ट्रेन’ झालं. लहान मुलीचं गाणं आहे, पण त्यात मरणाचा उल्लेख आहे आणि मेल्यानंतरही गाडीचा आवाज ऐकू येईल अशी जागा मागितली आहे. दुसरं एक गाणं, ‘ओ बेब, इट एन्ट नो लाय’, त्याच वयातलं. शेजारच्या बाईने आईकडे खोटी चहाडी केली, आईने पोरीला शिक्षा केली, आणि पोरीने शिक्षा भोगता भोगता गाणं रचलं. चहाडीला इतकं टिकाऊ उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल.

आतापर्यंत मी ‘ती’ म्हणत आलो. इथून पुढे ‘त्या’ म्हणणार आहे. गाणाऱ्यांना आपण मायेने एकेरीत हाक मारतो, त्यात काही वावगं नाही. पण त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मोलकरणीला, ती सत्तरीची असली तरी, गोऱ्या घरातलं शेंबडं पोरही पहिल्या नावाने हाक मारे, आणि तिने मात्र त्या पोराला साहेब म्हणायचं. लिबाबाईंना आयुष्यभर हे पुरेसं ऐकून झालं आहे.

१९१० मध्ये त्यांचं फ्रँक कॉटन यांच्याशी लग्न झालं, लिली नावाची मुलगी झाली. आणि चर्चने सांगितलं की देवाची सेवा करायची तर ही ऐहिक गाणी सोडावी लागतील. लिबाबाईंनी एकदम सोडली नाहीत, पण हळूहळू सुटली. संसार, मूल, दिवसभर दुसऱ्यांच्या घरचं काम. गिटार मागे पडली ती पंचवीसहून अधिक वर्षं. कधीमधी चर्चमध्ये हात लागला असेल तेवढाच. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्यावर त्या मुलीच्या संसारामागोमाग वॉशिंग्टनला गेल्या. त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक ही वर्षं एका वाक्यात उरकतात, मीही उरकली, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. म्हणजे रोज भांडी घासली गेली, फरशा पुसल्या गेल्या. याला कुणी घटना म्हणत नाही.

मग ती गोष्ट येते, जी सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळ्यांना आवडते. १९४० च्या दशकाच्या मध्याची. वॉशिंग्टनच्या लॅन्सबर्ग नावाच्या मोठ्या दुकानात बाहुल्यांच्या विभागात लिबाबाई काम करत होत्या. एक गोरी बाई मुलींना घेऊन बाहुल्या घ्यायला आली आणि तिची एक मुलगी गर्दीत हरवली. लिबाबाईंनी ती शोधून आईच्या हाती दिली. आई खूश झाली, बोलणं झालं, आणि आमच्या घरी कामाला येशील का, अशी विचारणा झाली. ती हरवलेली मुलगी होती पेगी सीगरच्या घरातली, आणि आई होती रूथ क्रॉफर्ड सीगर.

सीगर हे घराणं म्हणजे अमेरिकन लोकसंगीताचं माहेरघरच. वडील चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ. त्यांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा पीट सीगर, ज्याला आपल्याकडेही चळवळीतली माणसं ओळखतात. रूथबाई स्वतः आधुनिक पद्धतीच्या संगीतकार होत्या, पण या काळात त्यांचं मुख्य काम वेगळं होतं. जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या बापलेकांनी खेड्यापाड्यांतून, तुरुंगांतून, शेतांवरून ध्वनिमुद्रित करून आणलेली लोकगीतं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तबकड्यांवर जमा होती. त्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून, एकेक हरकत कागदावर उतरवून रूथबाई त्यांची स्वरलेखनं करत. लोमॅक्सांच्या १९४१ च्या संग्रहातली स्वरलेखनं त्यांची. मुलांसाठीच्या लोकगीतांचं त्यांचं पुस्तक १९४८ मध्ये आलं आणि आजही अमेरिकेतल्या बालवाड्यांत वापरलं जातं.

म्हणजे चित्र असं. दिवाणखान्यात तबकडी फिरतेय, सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवली जातेय, आणि दूरच्या कुणा शेतमजुराने गायलेल्या ओळीतला कोमल गंधार नेमका किती कोमल आहे याची चर्चा चाललीय. आणि आत स्वयंपाकघरात जी बाई पाव भाजतेय तिच्या बोटांत यातलं सगळं आहे. ते कुणाला ठाऊक नाही. कारण कुणी विचारलेलं नाही. काही वर्षं हे असंच चाललं. सीगर मंडळी भली होती, पुरोगामी होती, लोकसंगीताला वाहिलेली होती. याबद्दल त्यांना दोष द्यायचा तर मग आपल्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईंना काय काय येतं हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे, असा प्रश्न निघतो आणि त्याचं उत्तर देणं अवघड जातं. मला तरी गेलं.

भिंतीवर गिटार टांगलेली असे. घरात कुणी नसताना लिबाबाईंनी एकदा ती काढली, उलटी धरली. इतक्या वर्षांनी बोटं कशी चालली असतील कुणास ठाऊक. पेगीने ऐकलं. घरातलं सगळ्यांत धाकटं पोर ‘एलिझाबेथ’ला ‘लिबा’ म्हणू लागलं होतं, ते नाव आता गाण्यालाही चिकटलं.

ही गोष्ट गोड आहे. योगायोगाची आहे, म्हणून वर्तमानपत्रांना आवडते. पण मला तिच्या गोडीचा जरा रागही येतो. ती मुलगी हरवली नसती तर? योगायोग घडला याचं कौतुक करताना तो घडेपर्यंतची पंचवीस-तीस वर्षं कुणामुळे वाया गेली हा विचार बाजूला पडतो. शिवाय अशा गोष्टीत नायक नेहमी शोधणारा असतो.

असो. यापुढचा भाग गोड नाही. पेगी मोठी झाली, १९५० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडला गेली आणि तिथल्या मैफिलींत ‘फ्रेट ट्रेन’ गाऊ लागली. इंग्लंडमध्ये तेव्हा ‘स्किफल’ची साथ होती. कपडे धुण्याच्या पाटीवर अंगठ्या घासून ठेका, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून खर्ज, आणि एक स्वस्तातली गिटार. लॉनी डॉनेगनने १९५६ मध्ये लेडबेलीच्या गाण्यांतलं ‘रॉक आयलंड लाइन’ गाजवलं, आणि मग गल्लोगल्ली पोरांची टोळकी उभी राहिली. लिव्हरपूलमधल्या अशाच एका टोळक्याचं, ‘क्वॉरीमेन’चं, पुढे बीटल्स झालं. या वातावरणात १९५७ साली चास मॅकडेव्हिट याच्या चमूने नॅन्सी व्हिस्की या गायिकेला घेऊन ‘फ्रेट ट्रेन’ची तबकडी काढली. ती ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढली. तबकडीवर रचनाकार म्हणून नावं होती पॉल जेम्स आणि फ्रेड विल्यम्स. स्वामित्वहक्क त्यांच्या नावाने नोंदलेला.

त्या वर्षी लिबाबाई चौसष्ट वर्षांच्या होत्या आणि वॉशिंग्टनमध्ये लोकांची घरं झाडत होत्या.

या प्रकाराला त्या काळातला एक पडदा होता. गाणं लोकगीत आहे, कुणाचंच नाही, मग ज्याने आधी नोंदवलं त्याचं, असा व्यवहार सर्रास चाले. नॉर्थ कॅरोलायनाच्याच डोंगरात राहणाऱ्या फ्रँक प्रॉफिट या शेतकऱ्याकडून मिळालेलं ‘टॉम डूली’ १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रायोने गायलं आणि जगभर खपवलं. तिथेही हक्काची भांडणं झाली. पण टॉम डूलीची कथा निदान जुनी होती, अनेकांच्या तोंडी होती. ‘फ्रेट ट्रेन’ची रचयिती जिवंत होती, तिचा पत्ता ठाऊक होता. सीगर कुटुंबीयांनी तिच्या बाजूने धडपड केली, प्रकरण वकिलांकडे गेलं आणि अखेर तडजोड झाली. लिबाबाईंना त्यांच्या गाण्याच्या हक्कातला एक वाटा मिळाला. स्वतःच्या गाण्यातला वाटा! इतकं मिळालं याबद्दल त्यांचे हितचिंतक समाधानी होते, आणि त्या काळात काळ्या गायकांना मिळे त्या मानाने ते बरंच होतं, हेही खरं.

या भांडणाचा एक फायदा झाला. गाणं नुसतं गात राहून उपयोगाचं नाही, ते नावानिशी कुठेतरी ठेवलं पाहिजे, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पेगीचा भाऊ माइक सीगर टेपरेकॉर्डर घेऊन लिबाबाईंच्या वॉशिंग्टनच्या घरी जाऊ लागला. १९५७ ची अखेर आणि १९५८ ची सुरुवात. दिवसभराचं काम उरकल्यावर निजायच्या खोलीत ध्वनिमुद्रण, भोवती नातवंडं श्वास रोखून बसलेली. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या फोकवेज कंपनीने ती ध्वनिमुद्रिका काढली. फोकवेजचे मालक मोझेस अ‍ॅश यांचा एक हट्ट होता. एकदा काढलेली ध्वनिमुद्रिका खपो न खपो, यादीतून काढायची नाही. त्यामुळे लिबाबाईंची ती पहिली ध्वनिमुद्रिका कधीच दुर्मीळ झाली नाही. पुढे फोकवेजचा सगळा साठा स्मिथसोनियन संस्थेने घेतला आणि ती आजही मिळते. मी ती मिळवून ऐकली. आवाज थकलेला आहे, थोडा चिरकाही, आणि गाताना बाई स्वतःला फारसं महत्त्व देत नाहीत. महत्त्व सगळं बोटांना. मध्येच गाणं थांबतं आणि गिटार एकटीच चालत राहते तेव्हा खोलीतल्या त्या गप्प बसलेल्या पोरांचा विचार मनात येतो.

१९६० च्या सुमारास फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजात माइकबरोबर त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. वय सदुसष्टच्या आसपास. ज्या वयात आपल्याकडे बाई देवळात कीर्तन ऐकायला जाते त्या वयात त्यांची कारकीर्द सुरू झाली, आणि ती सुरू झाली ती फिरतीने. मोटारीतून, बसमधून, विमानातून, एका गावाहून दुसऱ्या गावाला. कॉलेजांची सभागृहं, कॉफी हाउस, उन्हाळ्यातले लोकसंगीत महोत्सव. १९६४ मध्ये त्या न्यूपोर्टच्या महोत्सवात गायल्या. त्या एक-दोन वर्षांत तिथे मिसिसिपी जॉन हर्ट, स्किप जेम्स असे म्हातारे ब्लूज गायक येऊन गेले, ज्यांनी तरुणपणी एकेकदा तबकड्या काढल्या होत्या आणि मग पस्तीस-चाळीस वर्षं अंधारात गेले होते. हौशी तरुणांनी जुन्या तबकड्यांवरून माग काढत त्यांना गाठलं. लिबाबाईंची गोष्ट त्याहून वेगळी. त्यांचा माग काढायला तबकडीच नव्हती. त्यांचा ‘पुनर्शोध’ लागला असं लिहितात ते चूक आहे. आधी शोधच लागला नव्हता तर ‘पुनर्’ कुठून?

आणि या सगळ्या काळात घरकाम चालूच होतं. शनिवारी शेकडो तरुण पोरांपुढे टाळ्या घ्यायच्या आणि सोमवारी सकाळी बादली उचलायची. १९७० च्या सुमारापर्यंत हे असंच चाललं. लोकसंगीताच्या लाटेत पैसा नव्हता असं नाही, पण तो वेगळ्या माणसांकडे वाहत होता. पीटर, पॉल आणि मेरी या तेव्हाच्या सर्वांत लोकप्रिय त्रयीने १९६३ मध्ये ‘फ्रेट ट्रेन’ गायलं. ग्रेटफुल डेडच्या १९८१ मधल्या ध्वनिमुद्रिकेत ‘ओ बेब’ आहे. बॉब डिलनने १९९० च्या दशकातल्या आपल्या कार्यक्रमांत लिबाबाईंची गाणी गायली.

त्यांच्या पुढच्या गाण्यांपैकी मला सर्वांत आवडतं ते ‘शेक शुगरी’. त्याची जन्मकथा अशी की रात्री झोपवताना पणतवंडं म्हणू लागली, आपण गाणं करू या. आणि प्रत्येकाने एकेक कडवं जुळवलं. पोरांनी जुळवलेलं गाणं, तर त्यात काय असावं? चंद्र, ससा, खाऊ? त्यात एकेक करून घरातल्या सगळ्या वस्तू सावकाराकडे गहाण टाकल्या आहेत. चाल मात्र झोपाळ्यावर बसल्यासारखी. १९६७ मध्ये आलेल्या ध्वनिमुद्रिकेत हे गाणं लिबाबाई स्वतः गात नाहीत. त्या गिटार वाजवतात आणि त्यांची बारा वर्षांची पणती गाते. ज्या वयात स्वतः ‘फ्रेट ट्रेन’ केलं त्याच वयाची पोरगी समोर बसवून बाई तिच्यामागे ठेका धरतात. ऐकताना याचा कुठे उच्चार नाही, त्या काही सांगत नाहीत, पण एकदा हे कळलं की ते गाणं पुन्हा साधेपणाने ऐकता येत नाही.

मंचावर त्या गप्पा मारत. भावाच्या गिटारीची गोष्ट, पावणेचार डॉलरची गोष्ट, शेजारणीच्या चहाडीची गोष्ट. ठरलेल्या जागी लोक हसत, त्या ठरलेल्या जागी थांबत. आणि ‘फ्रेट ट्रेन’ आलं की सगळ्यांना गायला लावत. नव्वदीपर्यंत त्यांची ही फिरती चालू होती. १९७८ मध्ये गाण्याच्या पैशांतून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात घर घेतलं. जन्मभर दुसऱ्यांची घरं राखलेल्या बाईने पंच्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या घराची किल्ली हातात घेतली. सिरॅक्यूजने १९८३ मध्ये त्यांच्या नावाने एक छोटं उद्यान केलं, १९८४ मध्ये राष्ट्रीय वारसा पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या कार्यक्रमांचं थेट ध्वनिमुद्रण असलेल्या ‘एलिझाबेथ कॉटन लाइव्ह’ला ग्रॅमी मिळालं. तेव्हा त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या. २९ जून १९८७ रोजी सिरॅक्यूजलाच त्या गेल्या. २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने हॅरी बेलाफॉन्टे यांच्याबरोबर त्यांना मानाचं स्थान दिलं. रॉक अँड रोलशी या बाईंचा संबंध काय, असं कुणी विचारेल. इंग्लंडमधल्या त्या स्किफलवाल्या पोरांना विचारावं. कॅरबरोत रुळाच्या बाजूने सायकलींसाठी एक वाट केली आहे, तिला लिबा कॉटन यांचं नाव आहे. ती वाट त्याच रुळाला धरून जाते.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. फार लांबण लावली असावी, कारण मध्येच त्याने फोन पाहिला. पण उलट्या गिटारचा भाग त्याने कान देऊन ऐकला. झेरॉक्सच्या कागदावरचा ‘ट्रॅडिशनल’ शब्द पेन्सिलीने खोडून त्यावर मी नाव लिहून दिलं, तर म्हणाला, ‘मामा, सरांना हे सांगायला हवं.’ मग गिटार उचलून उलटी धरली. बारीक तारा वर, जाड खाली. अंगठ्याने चाल काढायला गेला, बोटांनी ठेका धरायला गेला. दोन्ही एकमेकांत अडकले. पुन्हा केलं. पुन्हा अडकले. तिसऱ्यांदा पहिले चार स्वर जेमतेम निघाले, धूम-चक मात्र जमलं नाही.

‘जेवायला चला,’ आतून बहिणीने हाक मारली. ‘एक मिनिट,’ म्हणाला आणि गिटार तशीच उलटी धरून बसला.